मुन्सिफचं खेळाचं कपाट

स्फाक्सच्या बंदरात होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारांत मुन्सिफचा हात चांगला मानत. त्याला स्वतःला मात्र कौतुक होतं ते घरच्या खेळाच्या मशीनचं.

तरुणपणी तो आणि त्याचा दोस्त तिजानी व्हिडिओ गेमच्या दुकानात पडीक असायचे. दुकान बंद पडलं, तेव्हा मुन्सिफने ठरवलं की आपलं मशीन आपणच बनवायचं. त्यासाठी त्याने बायकोचं, झोहराचं, माहेरून आलेलं कपाट कापलं.

"विचारून कापलं," असं तो सगळ्यांना सांगायचा.

"विचारलंस खरं," झोहरा म्हणायची, "पण तोवर करवत निम्म्यात पोचली होती."

कपाटात जुना जाडजूड टीव्ही बसला, समोर फळीवर बटणं आणि खेळ चालवायचा दांडा आला. पहिला दांडा कच्च्या लाकडाचा होता. तिजानीने पहिल्याच शुक्रवारी तो मोडून मुन्सिफच्या हातात दिला. मग ऑलिव्हच्या लाकडाचा दांडा बसला, पुढे टीव्हीचा पडदाही बदलला. दर शुक्रवारी मासळीचा कुसकुस, म्हणजे रव्याच्या सांज्यासारखा पदार्थ, चापून दोघं मशीनपुढे उभे राहायचे, आणि बहुतेक वेळा तिजानीच जिंकायचा.

एका हिवाळ्यात तिजानीची उजवी बाजू लुळी पडली. चालणं काठीच्या आधाराने कसंबसं सुरू झालं, उजव्या हातात मात्र बळ परतलं नाही. त्याने येणंच सोडलं. मुन्सिफ त्याच्या घरी गेला.

"चहा घे, बस," तिजानी म्हणाला. "खेळाचं नाव काढू नकोस. दांडा धरू की बटण दाबू? एका हाताने काय काय करायचं?"

मुन्सिफ घरी आला. झोहरा पायाने चालवायच्या शिवणयंत्रावर पडदे शिवत होती. काय झालं ते तिने ऐकून घेतलं.

"मी कापड दोन्ही हातांनी धरते," ती म्हणाली, "मग मशीन काय माझे सासरे चालवतात? त्याचा डावा पाय धड आहे ना?"

मुन्सिफने तिच्या पायाकडे पाहिलं आणि तडक बाहेरच्या पडवीत गेला.

पायाने दाबायचं पहिलं पायटं झालं, पण दाबलं की अडकून बसायचं. दुसरं फरशीवरून सरकायचं. शेवटी त्याने खालून रबर ठोकलं, आत नरम स्प्रिंग घातली आणि तारा बटणाला जोडल्या. उभं राहून खेळणं तिजानीला जमणार नव्हतं, म्हणून कपाटाचे पायही कापून टाकले. या वेळी त्याने झोहराला आधी विचारलं.

तिजानीला त्याने कुसकुसच्या निमित्ताने आणलं. तिजानी कुरकुरतच खुर्चीत बसला. डाव्या हाताने दांडा धरला, पायाने पायटं दाबून पडद्यावर गोळी झाडली. पहिले डाव त्याने सपशेल घालवले. मग तो कुरकुर विसरून खेळात रमला, आणि मुन्सिफला कळलं की आता आपली धडगत नाही.

"वहिनी," निघताना तिजानी म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी हरिसाची तिखट चटणी जरा जास्त टाका."

"आधी तुमच्या दोस्ताला दोन डाव जिंकू द्या, तिजानीभाऊ. रात्रभर तोंड फुगवून बसेल."

मुन्सिफ नाही बसला तोंड फुगवून. त्याच्या मते पायट्याने हात मोकळा राहतो आणि नेम पक्का बसतो, म्हणून आपण हरलो. सध्या तो स्वतःसाठी एक पायटं बनवतो आहे. लाकूड कुठून आणलं, ते झोहराने अजून विचारलेलं नाही.