न दुखणारी दाढ

इतकी वर्षं झाली, पण भाईंदर पूर्वेच्या त्या दवाखान्याचं प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही. दोन हजार सालानंतरचा तो काळ. मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. बायको आणि मुली साताऱ्याला, मी इथे भाड्याच्या खोलीत. नवघरच्या जुन्या घरांभोवती नव्या इमारती उठत होत्या आणि जवळपास प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर एखादा दवाखाना असायचाच.

एका सकाळी रुग्णालयातून ठाणे अंमलदाराकडे खबर आली. जवळच्या इंद्रलोक वस्तीत एकट्या राहणाऱ्या, पासष्टीच्या एका बाईंच्या जबड्यात पू झाला होता. सूज गळ्यापर्यंत उतरली होती आणि त्या थोडक्यात वाचल्या होत्या. दाढ काढताना जंतुसंसर्ग झाला, असं डॉक्टरांचं मत होतं. मी रुग्णालयात पोचलो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. नवघरमध्ये दात काढून असाच त्रास झालेले दोन रुग्ण आधीही येऊन गेले होते. दोघंही बांधकामावरचे मजूर, बरे झाल्यावर आपापल्या गावी निघून गेलेले. "कुणीतरी न उकळलेली हत्यारं वापरतंय आणि त्याचा दवाखाना आजही चालू आहे," डॉक्टर म्हणाले.

मग मी जबाब घ्यायला बाईंच्या खाटेजवळ गेलो. बाई शुद्धीवर होत्या, हळूहळू बोलतही होत्या, पण दाढ कुठे काढली ते सांगेनात. आधी म्हणाल्या, आठवत नाही. मग म्हणाल्या, मुंबईत काढली. मुंबईत कुठे, असं विचारलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कुणीतरी धमकावलं असणार, असं मी धरून चाललो. आमच्या हवालदारांनी नवघरमधले दवाखाने पालथे घातले. सगळीकडे भिंतीवर पदवी होती आणि हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्रही होतं.

तिसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा रुग्णांना भेटायची वेळ सुरू होती. प्रत्येक खाटेभोवती माणसं, डबे, फळं. या बाईंच्या खाटेजवळचं स्टूल रिकामं होतं. तीन दिवसांत त्या स्टुलावर माझ्याशिवाय कुणी बसलं नव्हतं, हे नर्सकडून कळलं. त्या दिवशी मी कागद काढलेच नाहीत. नुसता बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारलं, माझ्या घरी कोण असतं. मी म्हटलं, इथे कुणी नाही.

मग त्या बोलायला लागल्या. नवरा निवृत्त झाल्यावर गिरगावची खोली विकून दोघं इथे आली. वर्षभरात नवरा गेला. मूलबाळ नाही. शेजारी चांगले, पण बोलणं लिफ्टमधल्या चार हिंदी वाक्यांपुरतं. एकदा खरोखर दात दुखला म्हणून त्या नवघरच्या एका दवाखान्यात गेल्या. तिथला माणूस मराठीत बोलला, जेवण जातं का म्हणून विचारलं, आणि पुढच्या खेपेला त्याला ते सगळं लक्षात होतं. दात बरा झाला तरी त्या दर आठवड्याला जात राहिल्या. कधी हा दात ठणकतो म्हणायचं, कधी तो. तो बघायचा आणि काही नाही म्हणून घरी पाठवायचा. शेवटी उगाच जायची त्यांना लाज वाटू लागली.

"मीच म्हटलं, ही दाढ फार दुखते, काढून टाका," त्या म्हणाल्या. "ती दुखत नव्हती, साहेब."

त्यांनी दवाखान्याचं नाव सांगितलं. खोटं बोलल्याचं जबाबात लिहिणार का, असंही विचारलं. मी म्हटलं, लिहावं लागेल. त्यांनी मान हलवली आणि सही केली.

त्याच दिवशी आरोग्य खात्याचे अधिकारी आणि दोन पंच घेऊन आम्ही छापा घातला. बाकावर पाच जण थांबले होते, त्यात एक गरोदर बाई. भिंतीवर पदवीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं. आमच्या हवालदाराला दाखवलेलं यंत्र फळीवर होतं, पण त्याची वायर मधेच तुटलेली. चिमटे आणि पकडी नळाच्या पाण्याने भरलेल्या स्टीलच्या वाडग्यात पडल्या होत्या. पंचनामा होईपर्यंत तो माणूस पांढरा कोट घालून शांतपणे उभा राहिला. मी मदतनीस आहे, डॉक्टर बाहेरगावी गेलेत, एवढंच तो सांगत होता.

चौकशीतही तेच पालुपद. काही दिवसांनी दंतवैद्यांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयाचं उत्तर आलं. प्रमाणपत्रावरचे डॉक्टर तीन वर्षांपूर्वीच वारले होते. मी ते पत्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"दाक्तर न्हाय मी, साहेब. बारा वर्सं त्यांच्या हाताखाली होतो."

तो जवळच्याच मोरवा गावचा, मिठागरात राबलेल्या घरातला. डॉक्टर गेल्यावर पेशंट विचारत यायचे, म्हणून त्याने शटर उघडलं. सुरुवातीला तो सगळं शिस्तीत करायचा. यंत्र बिघडल्यावर हत्यारं पातेल्यात उकळायचा. गर्दी वाढली तशी उकळायला लागणारी वीस मिनिटं त्याला जड वाटू लागली. पुढे नुसतं पाणी राहिलं. चांगली दाढ का काढलीस, असं मी विचारलं. आधी एक्स-रे काढून बघायला हवं होतं हे त्याला ठाऊक होतं. पण ते मशीन त्याच्याकडे नव्हतं, आणि आजी खोटं कशाला बोलेल, असं त्याला वाटलं.

न्यायालयात त्याच्या वकिलाने नेमक्या त्याच मुद्द्यावर बाईंना धरलं. हो, मी खोटं बोलले, असं त्यांनी भर कोर्टात सांगितलं. त्यांची साक्ष ढळली नाही आणि त्याला शिक्षा झाली. त्याला बाहेर नेताना व्हरांड्यात त्या उभ्या होत्या. तो थांबला.

"आजी, आता चावता येतं का?" त्याने विचारलं.

"येतं," त्या म्हणाल्या. शिपायाने त्याला पुढे नेलं.

नंतर बाई अधूनमधून पोलीस ठाण्यात येऊ लागल्या. कधी दुधाची पिशवी चोरीला गेली, कधी जिन्यात अनोळखी माणूस दिसला. ठाणे अंमलदार वैतागायचा. मी सांगून ठेवलं होतं, त्यांना खुर्ची द्या, म्हणणं लिहून घ्या.

साक्षीदार गप्प बसला की त्यामागे भीती किंवा लालूच शोधायची, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. माणूस एकटेपणामुळेही गप्प बसतो, आपलं नुकसान करणाऱ्यालाही पाठीशी घालतो, हे मी त्या स्टुलावर बसून शिकलो. गुन्हा उघडकीला आणला, दवाखान्याला टाळं लावलं, कितीतरी लोकांचा धोका टळला. ते काम योग्यच होतं. पण त्या बाईंच्या आठवड्यातला एक बोलायचा दिवसही आम्हीच बंद केला आणि त्याची भरपाई कुठल्याच कलमात नव्हती.

वर्षभराने माझी बदली झाली. काही महिन्यांनी जुन्या हवालदाराचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता त्याने सांगितलं की त्या बाई येऊन गेल्या. काय तक्रार आहे, असं त्याने विचारलं. तक्रार काही नाही, साहेब दिसले नाहीत म्हणून आले, असं म्हणून त्या घरी गेल्या.

इंद्रलोक माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर होतं. बदलीचा आदेश आल्यावर हातात चार दिवस होते. मी निरोप घ्यायला गेलो नव्हतो.