पालथे झोपा

"घोडीचा केस बांधलाय ना? मंग घोडीसारखं खिंकाळ की एकदा."

मी खिंकाळले.

वय नऊ. मानेच्या डाव्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढी चामखीळ होती. फ्रॉकची कॉलर घासली की रक्त यायचं. आमच्याकडे चामखिळीला एकच औषध माहीत, घोडीच्या शेपटीचा केस. मुळाशी गाठ मारायची, रोज थोडी आवळायची. चार-सहा दिवसांत ती काळी पडते आणि गळून जाते.

तीर्थपुरीच्या बाजाराला जोडलेलं आमचं गाव. गावात घोडी एकाकडेच होती. त्याला सगळे बापूसाहेब म्हणायचे. गावातली निम्मी काळी जमीन त्याच्या घरची. घोडी शौकाची, कामाची नाही. गावातल्या कुणालाही केस हवा असला की तो सरळ जायचा, घोडीच्या पाठीवर थाप मारायचा, केस उपटायचा आणि चहा पिऊन यायचा.

आम्ही बौद्ध. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन त्याच्या ओट्याखाली उभे राहिले आणि केस मागितला. अण्णांचा हात घोडीकडे गेला.

"तू नको लावू हात. बिचकती ती तुमच्या हाताला."

घोडी शांत उभी होती. कान हलवत होती. बापूसाहेबानं स्वतः केस उपटला. अण्णांनी ओंजळ पुढे केली. त्यानं केस ओंजळीत टाकला नाही. खाली सोडला. खाली शेण होतं.

"उचल."

अण्णांनी उचलला. पायजम्याला पुसला.

"आता हितंच बांध. बघू दे कसं बांधतो ते."

ओट्यावर चार-पाच जण सुपारी कातरत बसले होते. अण्णा बांधू लागले. गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेव्हा तो ते वाक्य म्हणाला. खिंकाळ म्हणाला.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा हसत होते.

ओट्यावरच्यांचं हसणं मी विसरले. अण्णांचं विसरले नाही.

"जोरात. घोडी हायेस का शेळी?"

मी जोरात खिंकाळले.

चामखीळ गळाली. पण जागा पिकली. शेणातला केस होता तो. महिनाभर मान वाकडी धरून शाळेत गेले. तिथं अजून एक गुळगुळीत पांढरा वण आहे, बोटाला लागतो. शाळेत माझं नाव घोडी पडलं. दहावीपर्यंत टिकलं. हजेरी घेताना गुरुजी माझं नाव घ्यायचे आणि मागून कुणीतरी खिंकाळायचं. गुरुजी मान खाली घालून पुढचं नाव घ्यायचे. त्या मान खाली घालण्याचाही हिशेब मी ठेवलाय.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती. पत्रकं होती. आत्या आष्टीला शाळेत शिकवायची. दर सुट्टीला येताना जयंतीची, मोर्चाची, शिबिराची पत्रकं आणायची. गुलाबी, पिवळा, पातळ कागद. शाई हाताला लागायची. आई ती डब्यांखाली अंथरायची. मी डबे उचलून वाचायची. पिठाच्या डब्याखाली एक, मिठाच्या बरणीखाली दुसरं. तिथं मला पहिल्यांदा कळलं की माझ्यासोबत जे झालं ती गंमत नव्हती. मी काही चुकले नव्हते. माझी चामखीळही चुकली नव्हती.

त्या दिवशी मी अण्णांना विचारलं, तुम्ही का हसलात?

अण्णा वखराची लोखंडी पास घासत होते. वर न बघता म्हणाले, "न्हाई हसलो असतो तर त्यानं केस दिला नस्ता. तुझ्या मानेतून रक्त येत होतं."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, माझा राग चुकीच्या दारात जाऊन उभा होता. दार दुसरं होतं.

बारावीनंतर नर्सिंग केलं. जालन्यात त्वचेच्या एका दवाखान्यात लागले. माणसाच्या कातडीवर काय काय उगवतं ते तिथं रोज बघते. तीळ, मस, चामखिळी, गाठी. डॉक्टर मॅडमनी मला शिकवलं, कुठली चामखीळ नुसती जाळायची आणि कुठला तीळ कापून तपासायलाच पाठवायचा. तिळाची एक बाजू दुसरीसारखी नाही, कडा फाटलेली, रंग एक नाही, आणि तो वाढून राह्यलाय, तर त्याला जाळायचं नाही. जाळलं की तपासायला काही उरत नाही. आत काय होतं ते कळतच नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

तळपाय बघायचा असेल तर माझी एक पद्धत आहे. मी बुटक्या स्टुलावर बसते आणि पेशंटचा पाय माझ्या गुडघ्यावर घेते. ऊस तोडणारीचा भेगाळलेला पाय घेतलाय. ट्रकच्या क्लीनरचा घेतलाय. कुणी लाजलं तर मीच म्हणते, "ठेवा हो, पायच आहे." कधी कमीपणा वाटला नाही.

मागच्या पावसाळ्यात एका मंगळवारी तो आला.

सोबत मुलगा होता. केस पांढरे, धोतर तेच, उजव्या पायानं लंगडत होता. मी ओळखलं. त्यानं नाही. मी नाव लिहून घेतलं, गाव लिहून घेतलं. गाव लिहिताना माझा हात थांबला नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"आमचं गाव माहीत दिसतंय. तुम्ही कुठल्या, सिस्टर?"

"तिथलीच."

"असं का? कोणाच्या?"

मी अण्णांचं नाव सांगितलं.

तुम्हीचं तू व्हायला एक श्वाससुद्धा लागला नाही.

"आरं तिच्या! तू ती व्हय? घोडी!" मुलाकडे वळून म्हणाला, "हिला मी खिंकाळायला लावल्तं, इवलीशी होती. आन् खिंकाळली बी!" बाकावर बसलेली माणसं हसली. त्यांना काय हसायचं ते माहीत नव्हतं, तरी हसली. मी आत जाऊन खोलीचा पडदा बाजूला केला आणि त्याला बोलावलं.

आत मॅडम होत्या. मुलगाही मागून आला. तो खुर्चीत बसला, चप्पल काढली आणि पाय माझ्यापुढे केला. मी वाकून धरावा असा.

"धर. ह्यांच्या घराला सवय हाय पाय धरायची."

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. आमचा हात घोडीला लागला तर घोडी बिचकत होती. पण त्याचा पाय माझ्या हातात आला तर कुणी बिचकत नव्हतं. आमच्या हाताची एकच जागा त्याला ठाऊक होती, त्याच्या पायाखाली.

मॅडमनी सवयीनं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी ते पायानं परत भिंतीला लावलं.

"टेबलावर चढा," मी म्हणाले. "पालथे झोपा."

"अगं, पाय बघायचाय नुसता," मॅडम म्हणाल्या.

"टेबलावर नीट दिसेल, मॅडम. उभं राहून."

तो मॅडमकडे बघत राहिला, मॅडम माझ्याकडे. मी टेबलावरची चादर सरळ केली. शेवटी तो चढला. पालथा झाला. तोंड रेक्झिनच्या उशीत. आता त्याला मी दिसत नव्हते. मला त्याचे दोन तळपाय दिसत होते, आणि उजव्या टाचेजवळ काळा डाग. एका बाजूनं निळसर. कडेला फुटलेल्या शाईसारखा.

"मागल्या साली काटा मोडल्ता," उशीतून आवाज आला. "सालगड्याकडून बिब्बा लावून घेतल्ता. त्याचा डाग हाय तो. जरा पाणी सुटतंय, चप्पल घासून. चामखिळी जाळता ना, तसा जाळून टाका. जल्दी."

बिब्ब्याचा डाग. काटा मोडला, भेग पडली, कुरूप झालं की आमच्याकडे तापवलेला बिब्बा लावतात. बिब्बा काळा डाग पाडतो आणि तो जाता जात नाही, हे पोराटोरालाही माहीत. म्हणून वर्षभर त्या घरातल्या एकालाही त्या काळ्या डागाचं काही वाटलं नाही. बिब्ब्याखाली दुसरंच काही वाढून राह्यलं होतं.

मॅडमनी भिंगाचं यंत्र टेकवलं. बराच वेळ बघितलं. मग मला बघायला दिलं. मीही बघितलं.

"बिब्ब्याचा डाग वाढत नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "हा वाढलाय. जाळता येणार नाही. कापून तपासायला पाठवावा लागेल."

"बिलकुल न्हाई. तपासणी-बिपासणी कायला? तिकडं हायवेला एकजण ॲसिड लावतो. दोन दिसांत साफ." तो कोपरावर उठायला लागला. "चल रे."

इथं मी थांबले. खरं लिहिते. मला फक्त बाजूला व्हायचं होतं. पडदा सरकवायचा होता. तो ॲसिड लावून घेणार, डाग वरून जाणार, आतून चालत राहणार. मला बोटही लावावं लागलं नसतं.

मी त्याच्या घोट्यावर हात ठेवला. दाबून.

"ॲसिड लावलं तर वरून जाईल," मी मुलाला म्हणाले. "आतून मांडीत चढेल. मग पाय नाही, माणूस जातो. कळलं का?"

मुलाचा चेहरा उतरला. "बापू, पडून ऱ्हावा," तो म्हणाला.

मी दया केली असं कुणी समजू नये. मेलेल्या माणसाला काही आठवत नाही. मला तो आठवणारा हवा होता.

तळपायात भुलीचं इंजेक्शन फार दुखतं. तिथली कातडी जाड, आत नसा दाट. दर वेळी मी पेशंटचा हात धरते, बोलत राहते, घरी कोण आहे, पाऊस झाला का. त्या दिवशी मी माझ्या जागी उभी राहिले. मॅडमनी सुई घातली. त्यानं उशीत तोंड खुपसून आवाज काढला. लांब, चिरका.

मी वाकले. त्याच्या कानाशी, पण मुलाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"बापूसाहेब, खिंकाळू नका."

मॅडमचा हात क्षणभर थांबला, मग चालू लागला. चार टाके पडले. काढलेला तुकडा मी औषधाच्या बाटलीत टाकला, त्यावर त्याचं पूर्ण नाव लिहिलं. साहेब लिहिलं नाही. बाटली त्याच दुपारी गेली.

बाहेर मुलानं आवाज चढवला. गावात राहायचंय का तुझ्या बापाला, असंही म्हणाला. मॅडमनी मला आत घेतलं. त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांना त्यामागचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं ते वाईट झालं. पण पेशंट टेबलावर असताना असं बोलायचं नसतं. टाके काढायला येतील तेव्हा एक शब्द सॉरी म्हण आणि मिटव. नाहीतर मला दुसरी सिस्टर बघावी लागेल."

त्यांचं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण सतरा वर्षांपूर्वी माझ्यासाठी एक शब्द कुणी मागितला नव्हता.

घरी फोन केला. अण्णांना सगळं सांगितलं.

"तू असं म्हणायला नको होतं बाई. आपलं घर हाय तिथं."

मग हळूच म्हणाले, "तळपायात सुई लई दुखती का?"

"लई."

"वरडला?"

"वरडला."

"बराबर," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला.

रिपोर्ट आला. वाईट होता. पण वेळेत सापडला होता. मोठ्या शहरात आणखी एक शस्त्रक्रिया लागणार, पाय वाचणार. मॅडमनी त्यांना फोनवर सांगितलं, आणि ठरल्या दिवशी ते दोघं टाके काढायला आले.

मुलगा दारातच उभा राहिला. "आधी माफी माग. मंग हात लाव."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. टेबलावर कात्री, चिमटा, कापूस. सगळं मीच मांडून ठेवलेलं.

"टाके काढते," मी म्हणाले. "ड्रेसिंग करते. शहरातून आल्यावर रोज करावं लागलं तरी करीन. माफी मागणार नाही. दुसरी सिस्टर बघायची असेल तर मॅडम, आजच बघा."

मुलगा पुढे काही बोलणार होता. पण म्हातारा त्याला ओलांडून आत आला. लंगडत टेबलाशी गेला. माझ्याकडे बघितलं नाही. मी काही सांगायच्या आधी तो टेबलावर चढला आणि पालथा झाला.

मी उभी राहून टाके काढले. एक, दोन, तीन. चौथ्याच्या वेळी म्हणाले, "आमचे अण्णा अजून त्याच घरात आहेत. तुम्हाला वाट माहीत आहे, पण कधी आला नाहीत. पाय बरा झाला की चालत यायचं. गाडीनं नाही. वस्तीतल्या माणसांसमोर त्यांना सांगायचं, मी केस शेणात का टाकला ते."

मी चौथा टाका काढला.

मॅडमनी मला काढलं नाही, अजून तरी. काढलं तरी म्हाताऱ्याच्या ड्रेसिंगला मी जाणार आहे, तो असेल तिथं. जखम स्वच्छ आहे, कडा भरून येतायत. हा पाय मी बरा करणार. पिकू देणार नाही, सडू देणार नाही. पुरता बरा करणार. आमच्या दारापर्यंत चालत यायला जमलं नाही, असं म्हणायला मी त्याला जागा ठेवणार नाही.