कॉन्टेसाच्या बॉनेटखाली

ती दुपार आठवली की अजून माझे कान गरम होतात. देवरीकडच्या एका ठाण्यात मी नवीकोरी पोलीस उपनिरीक्षक होते. कमरेला पिस्तूल, डोक्यात वारा. आज नातवंडांना शहाणपण शिकवणारी ही आजी तेव्हा रस्त्यावरची शेळीसुद्धा चोरीचीच समजायची.

खबर फोनवर आली. बसस्टँडमागचा मिस्त्री जुनी कॉन्टेसा विकतोय आणि तिच्यातलं इंजिन चोरीचं आहे. खबर देणारा कोण, त्याचा यात काय फायदा, हे विचारायचं मला सुचलंच नाही. स्टेशन डायरीत नोंद केली आणि दोन शिपाई घेऊन निघाले.

गाडी देखणी होती. लांब बॉनेट, काळा रंग, रुंद टायर. राजनांदगावहून आलेलं गिऱ्हाईक तिच्याभोवती फिरत होतं. चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळला, इंजिनाचा जुळेना. पेट्रोलच्या गाडीत जीपचं डिझेल इंजिन! मला थेट आंतरराज्य टोळी दिसू लागली. मिस्त्रीला भर बाजारातून चालवत आणलं, गाडी मागून ओढून आणली.

"इंजिन कुठून आणलंस?"

"गोंदियाच्या भंगारवाल्याकडून घेतलो म्याडम. पावती हाये."

पावती स्वच्छ होती, म्हणून संशय आला. मळलेली असती तरी आलाच असता. तो घामाघूम झाला की मी मनात टिपत होते, शांत बसला की तेही टिपत होते.

"आरटीओत नोंद का नाही केली?"

"अर्ज देल्लो ना. मी कवापासून सांगून राहिलो, तुमी आयकूनच नाही राहिले. चोर म्हून नाव पडलं तं उद्या माह्या गॅरेजात गाडी कोण लावंल?"

मी गुन्हा दाखल करायची तयारी केली. पंचनाम्यासाठी गाडी सावलीत घ्यायची होती, म्हणून आमच्या जुन्या ड्रायव्हर हवालदारांनी चावी फिरवली. इंजिन तीनदा खोकलं आणि धरलं. हवालदारांनी इंजिनाच्या आवाजाला कान लावला.

"म्याडम, हे तं आपल्या जुन्या जीपचं इंजिन हाये."

"कशावरून?"

"आठ वर्सं चालवलो मी तिले. चालू करतानी अशीच तीनदा खोकले."

मला तेही पटेना. म्हटलं, हवालदारही सामील दिसतात! मग निर्लेखनाचं रजिस्टर काढलं. आमची जीप भंगारात निघाली तेव्हाचा इंजिन नंबर त्यात होता, अंकाला अंक जुळणारा. खाली सही होती. माझीच, रुजू झाल्याच्या आठवड्यात न वाचता ठोकलेली.

"जा तू," मी म्हटलं.

मिस्त्री उठला नाही. "आनलं तं सगळ्याईसमोर. आता मांगच्या दारानं काऊन जाऊ?"

मग त्याच्या शेजारी कॉन्टेसात बसून मी बाजारातून निघाले. लोकांना वाटलं, याला आता जेलात नेतात. गॅरेजापुढे गर्दी जमली. खबर कुणी दिली असेल ते मला तिथं कळलं: समोरच्या गॅरेजाचा मालक तेवढा आत निघून गेला.

तिथंच थांबलेलं गिऱ्हाईक बॅग उचलून म्हणालं, "पुलिस के लफड़े वाली गाड़ी नहीं चाहिए।"

मी खाली उतरले. टोपी सारखी केली. "याची काही चूक नाही. इंजिन कायदेशीर आहे. चूक माझी झाली," हे बोलायला मला फार वेळ लागला. वर्दीत असं बोलायचं प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या नोकरीत संशय मी सोडला नाही. ते माझं कामच होतं. पण कुणाला बाजारातून चालवत आणण्याआधी आपल्या ठाण्याचं दप्तर उघडायला शिकले.

त्या दुपारी मात्र गर्दीतून कुणीतरी हसलं. गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं आणि बॅग खाली ठेवली.

"पहले आरटीओ में चढ़वाओ," ते मिस्त्रीला म्हणालं. "फिर बात करेंगे. अभी बोनट खोलो."