धुतलेली अंडी

दीपमालाविषयी लिहायचं म्हणजे माझ्याविषयीही लिहावं लागणार, म्हणून बरेच दिवस टाळलं. मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, तेवढंच माझं लेखन.

दीपमाला माझी शेजारीण. पोलीस खात्यात हवालदार. उस्मानपुऱ्यात आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. पलीकडे तिच्या परसात शेवगा, दोडक्याचा वेल, मेथीचा एक वाफा आणि पाच कोंबड्या. नवरा गोकुळ ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. बारा-बारा तासांची ड्युटी करून आली, की बूट काढायच्या आधी ती मागच्या दारी जायची. खाकी पँट दुमडून वाफ्याला पाणी सोडायची आणि कोंबड्यांची चौकशी सुरू करायची.

"काय गं जाडे, मेथी कुणी उकरली? खरं बोल, नायतर आत टाकीन."

मी स्वयंपाकघरात एकटाच हसायचो.

त्या कोंबड्या तिच्या आईच्या, मालनबाईंच्या. तांबूस, मानेवर काळे ठिपके. मालनबाई गेल्या तेव्हा फुलंब्रीहून दीपमालानं दुसरं काही आणलं नाही, एवढ्या कोंबड्या आणि त्यांचा कोंबडा आणला. गणपतीच्या आधी मुंगसानं कोंबडा नेला. त्या जातीचा तो एकच होता, आता पिल्लं निघाली तरच जात टिकणार होती. त्याच आठवड्यातली नऊ अंडी तिनं जाडीखाली बसवली. "आईची एवढीच निशाणी राहिली आता," असं मला भिंतीवरून म्हणाली.

मग बंदोबस्त लागला. शेवटचे तीन दिवस तर ती ठाण्यातच झोपणार होती. निघताना किल्ली माझ्या हातात दिली.

"काका, दाणापाणी ठेवा, अंधार पडायच्या आत खुराडं लावा. अंड्यांचं तर तुम्हाला माहीतच असंल."

"माहीत आहे, माहीत आहे," मी म्हणालो.

मला काहीच माहीत नव्हतं. मी इथंच चाळीत वाढलो. पण एवढी दमलेली बाई, खांद्यावर बॅग, गाडी बाहेर उभी. तिला थांबवून 'अंड्यांचं म्हणजे काय' असं विचारायला मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाडी दाणे टिपायला टोपलीतून उतरली. मी आत पाहिलं. अंड्यांना घाण लागलेली आणि प्रत्येकावर कोळशाची काळी रेघ. मला वाटलं, टोपलीलाच कुठं काजळी असेल. दीपमाला दमून येईल, तिला बरं वाटेल, म्हणून मी ती नऊही अंडी नळाखाली धरून भांड्यांच्या साबणानं घासली. पंच्यानं पुसून परत ठेवली. लख्ख दिसत होती. फार दिवसांनी कुणाच्या तरी उपयोगी पडलो, असं त्या दिवशी वाटलं.

दुपारी समोरच्या आशाबाई भिंतीपाशी आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "बसवलेल्या अंड्यावर रेघ ओढत्यात, म्हणजी दुसरीनं घातलेलं ताजं अंडं वळखू येतं. अन् पाणी नाय लागू द्यायचं त्याला. थंड पाणी लागलं की आतलं पिल्लू खलास."

त्या गेल्यावर मी कोळसा शोधला आणि जाडीखाली हात घालून एकेका अंड्यावर पुन्हा रेघ ओढली. जाडीनं मनगटावर दोनदा टोचलं. मी हात काढला नाही.

विसर्जन झालं, दीपमाला परत आली. तिनं टोपलीत डोकावून पाहिलं, रेघा जागेवर होत्या. "लई उपकार झाले काका," ती म्हणाली.

पिल्लं निघायचा एकविसावा दिवस गेला, बाविसावा, तेविसावा. चोविसाव्या दिवशी तिनं एक अंडं फोडलं. वास माझ्या अंगणापर्यंत आला. आत अर्धवट झालेलं पिल्लू होतं.

"बंदोबस्तात वीज कडाडली ना काका, तेव्हाच नासली," ती म्हणाली. "आई टोपलीत लोखंडी खिळा ठेवायची, विजेचा धक्का बसू नये म्हणून. घाईत मी विसरले. माझीच चूक."

आणि मी, सत्तर वर्षांचा माणूस, म्हणालो, "व्हय, त्या दिवशी वीज लईच कडाडली होती."

पुढचे आठ दिवस परसातून तिचं कोंबड्यांशी बोलणं ऐकू आलं नाही. मेथी वाळली. नवव्या दिवशी दारात रिक्षा उभी राहिली. दीपमाला वर्दीत होती. पायांना सुतळी बांधलेल्या कोंबड्या ती रिक्षात ठेवत होती. आशाबाई बाजूला उभ्या होत्या.

"कुठं?" मी विचारलं.

"मावशीकडं, फुलंब्रीला. नोकरी अन् हे, दोन्ही नाय जमत मला. आईनं एवढं जपलं, मला एक खिळा ध्यानात राहिला नाय."

तेव्हा मी सांगितलं. साबण, नळ, पंचा, कोळसा, सगळं. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, त्यामुळे माझा आवाज फारच मोठा वाटला.

आशाबाई म्हणाल्या, "मोतीरामभाऊ! जन्मभर कागदावर शिक्के मारले, आता अंड्यावर खोटे मारायला लागले व्हय?"

दीपमाला हसली नाही.

"धुतली ते समजलं काका. नव्हतं माहीत. पण मी माझी चूक म्हणले, तवा तुम्ही समोरच होतात ना?"

"व्हय."

"आठ दिवस रोज राम राम केला मी तुम्हाला."

ती रिक्षावाल्याला म्हणाली, "उतरवा भाऊ." कोंबड्या ती स्वतःच आत घेऊन गेली.

मावशीकडून आता दुसऱ्या जातीचा कोंबडा आला आहे, पांढरा. मालनबाईंची जात मात्र गेली. राम राम अजून होतो.

दसऱ्याच्या बंदोबस्ताला निघताना तिनं मागच्या दाराची किल्ली आशाबाईंना दिली. आशाबाईंना सगळं येतं, तरी ती एकेक गोष्ट नीट सांगत होती. दाणा किती, पाणी कुठं, मुंगूस कुठल्या बाजूनं येतं. मी भिंतीच्या अलीकडे उभा राहून ऐकत होतो. दोन गोष्टी मला समजल्या नाहीत. या वेळी मी विचारल्याही असत्या, पण ती मला सांगत नव्हती.