बदलापूरकराने पकडलेली पुराची रेघ

हातात चहा असेल तर आधी संपवून टाका, मग पुढे वाचा. मागे हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या शिरगावच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नाकातून चहा आला होता. त्याच्या त्या पांढऱ्या शर्टाने आता जिना पुसतात!

जन्मभर मी लोकांना बनवलं. अंबरनाथच्या एमआयडीसीत बॉयलरवर होतो, तेव्हा नव्या आलेल्या साहेबाला पटवलं होतं की इथला भोंगा साहेबाने सलाम ठोकल्याशिवाय वाजत नाही. आठ दिवस सलाम ठोकत होता बिचारा! शिक्षण विचाराल तर सातवी पास, आठवीच्या दारातून परत. पण टोपी घालण्यात आपण एम.ए.

आणि अशा माणसाला भर म्हातारपणी कुणी बनवावं? ओळखा बघू. मीच हो, मीच!

झालं असं, की आमच्या प्रशांतची बदली झाली थेट राजस्थानात, जोधपूरला. कंपनीचा नवा प्लांट, वर बढती. नाही म्हणणार कसा? घरात सभा भरली. तिथे वाळवंट आहे, उन्हाळा मारून टाकतो, घरं कशी असतात, पाणी मिळतं का... शेवटी सूनबाईंनी निकाल दिला.

"मी येते," रूपाली म्हणाली, "पण एक महिना बघणार. चिमीला तिकडची हवा मानवली नाही, घर धड नसलं, तर तिला घेऊन मी परत बदलापूरला. मग यांनी तिकडे डबा लावायचा."

चिमी म्हणजे माझी नात. वय वर्षं पाच, आजोबावर गेलेली. आता मला सांगा, ती इकडे, बाप तिकडे, मग आम्ही म्हातारा-म्हातारीने कुठे जायचं? मध्ये सुरतला उतरायचं? मी सभेत हा विनोद केला, कुणी हसलं नाही. मलाही आतून हसू येत नव्हतं.

प्रशांत म्हणाला, "अण्णा, मी गेल्या गेल्या ट्रेनिंगमध्ये अडकणार. घर तुम्हीच बघा. तुम्हाला अनुभव आहे."

अनुभव! अहो, अनुभव म्हणजे काय विचारू नका. आम्ही पूर्वी बदलापूरला नदीकाठी बैठ्या चाळीत राहायचो. एका पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या घरात आली. न बोलावता. फ्रिज हॉलभर फिरला, लग्नाचा अल्बम खिडकीतून निघून गेला. पाणी ओसरलं, पण भिंतीवर चिखलाची रेघ राहिली, माझ्या छातीएवढी. दोन हात रंग दिला, तरी रेघ आपली डोकावतेच. तेव्हापासून आम्ही घर बघायला गेलो की किचन बघत नाही, गॅलरी बघत नाही. भिंत बघतो. पलंग सरकवून, कॅलेंडर उचलून. रेघ दिसली की चप्पल घालून बाहेर!

तर हा अनुभव पिशवीत घालून मी फेब्रुवारीत जोधपूरला पोचलो. फेब्रुवारी लक्षात ठेवा.

काय हवा होती! गार, कोरडी, आकाश धुतल्यासारखं. दलाल मला एका जुन्या दगडी घराशी घेऊन गेला. घरमालकीण सत्तरीची, तिला सगळे माजीसा म्हणायचे. मागच्या खोलीत राहायची आणि पुढचा तळमजला भाड्याने द्यायचा होता. "पधारो सा," म्हणून तिने मला आत बसवलं, ताक दिलं.

घर मोठं होतं. हातभर जाडीच्या भिंती, दारात कडुलिंबाचं झाड. पण तळमजला! माझ्या अंगावर काटाच आला. मी दलालाला विचारलं, "यहाँ पानी कितना चढ़ता है?"

"पानी?" तो म्हणाला. "कौन सा पानी?"

"बाढ़ का!"

दलाल इतका हसला की त्याला भिंतीला धरावं लागलं. "अंकलजी, यहाँ पानी चढ़ता नहीं, टँकर से चढ़ाना पड़ता है."

मी मनात म्हटलं, लेका, तू दलाल, तू असंच बोलणार. मी उठलो. खोलीत भिंतीच्या कडेने गाद्या टाकल्या होत्या, मागे लोड उभे. मी एक लोड उचलला. आणि काय सांगू! भिंतीवर तपकिरी रेघ. दुसरा लोड उचलला, तिथेही. तिन्ही भिंतींवर, एकाच उंचीवर, कंबरेच्या जरा खाली. मी बोट फिरवून बघितलं, चिकट!

"ये क्या है?" मी वकिलासारखा विचारता झालो.

माजीसा ओशाळली. ओढणी सारखी करत म्हणाली, "क्या करूँ सा, हर दिवाली पुताई करवाती हूँ, फिर निकल आता है."

बघा! गुन्हा कबूल! अहो, हीच तर आमच्या चाळीतली रेघ. रंग दिला तरी डोकावणारी. मी दलालाकडे असं बघितलं, असं बघितलं, की त्याने उगाच खिशातून मोबाईल काढला.

"ऊपर क्या है?" मी विचारलं.

वर, गच्चीला लागून दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी गच्चीत उभा राहिलो. पाठीवर कोवळं ऊन, लांबवर किल्ला, चारी बाजूंनी वारा. पूर आला तर चिमीच्या पायाच्या नखालाही पाणी लागायचं नाही. मी म्हटलं, हेच घर! माजीसा जिना चढून धापा टाकत आली. "भाईसा, गर्मी में ऊपर..."

मी तिला पुरतं बोलूच दिलं नाही. छाती काढून म्हणालो, "माजीसा, हम बदलापूर के हैं. हम पानी से डरते हैं, धूप से नहीं!"

हे वाक्य मी म्हटलं. याच तोंडाने.

परत आल्यावर मी सोसायटीत आठवडाभर भाषणं दिली. राजस्थानात सगळ्यांना फसवतात, आपल्याला नाही. चिखलोलीला नवा फ्लॅट घेणाऱ्या एका ओळखीच्याला मी लोड उचलून बघायला सांगितलं. त्या नव्या बिल्डिंगीत लोड कुठला, त्याने बिल्डरच्या माणसालाच उठवून पाठीमागची भिंत बघितली. घरी मात्र मी तळमजल्याचा ब्रही काढला नाही. म्हटलं, पुराचं नाव ऐकून सूनबाई निघायच्या आधीच परत फिरेल.

मग तयारी. उल्हासनगरला जाऊन निळी ताडपत्री, नायलॉनची दोरी आणि चार जोड गमबूट घेतले. दुकानदार सिंधी, माझा जुना दोस्त. बांधता बांधता म्हणाला, "साईं, किधर पिकनिक?"

"जोधपूर. कायमचे."

त्याचा हात थांबला. "जोधपूर में गमबूट? ऊँट को पहनाओगे क्या?"

"तू माप घे, उंट मी बघतो," मी म्हणालो. पण तो मेला खरं तेच सांगत होता हो!

चिमीची शाळा संपली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही जोधपूरला उतरलो. जिना चढून मी ऐटीत कुलूप काढलं, दार उघडलं, आणि आतून जी वाफ आली ना... मला बॉयलर आठवला. चाळीस वर्षांची नोकरी करून मी त्यातून रिटायर झालो होतो, आणि आता सगळ्या कुटुंबाला घेऊन त्यात राहायला आलो होतो!

छत म्हणजे दगडाच्या लांबलचक लाद्या. दिवसभर तापायच्या आणि मग निवांत आमच्यावर ओतायच्या. नळ सोडला की कढत पाणी. मी म्हणालो, "सुमन, चहाला गॅस लावायचं काम नाही, नुसती पावडर टाक." माझ्या बायकोने नळ बंद केला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा नळ चालू केला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, तिचं बघणं मला चांगलं वाचता येतं.

दुपारी खालून माजीसाचा निरोप आला, कूलर पाठवू का? मी कळवलं, नको. आमच्याकडे कूलर लावला की घरभर दमट होतं, गाद्यांना वास मारतो. अहो, बदलापूरच्या हवेचं गणित मी जोधपूरला मांडत होतो! तिकडच्या कोरड्या हवेत कूलर म्हणजे अमृत, हे मला कोण सांगणार? म्हणजे सांगत होतेच सगळे. मी ऐकत नव्हतो.

दोन दिवस रूपालीने ओल्या चादरी लावून काढले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी चिमीचा घोळणा फुटला. नाकातून रक्त, फ्रॉकवर रक्त, पोरगी घाबरून रडायला लागली. प्रशांत कामावर. रूपालीने तिचं डोकं धरलं, पाणी लावलं, रक्त थांबलं. मग ती उठली आणि शांतपणे बॅग काढली.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमच्यावर राग नाही. पण मी चिमीला घेऊन जाते. महिनाभर नाही थांबवत."

मी त्या बॅगेकडे बघत उभा. तिच्यात फक्त फ्रॉक जात नव्हते, कळतंय ना?

रडणं ऐकून माजीसा वर आली. त्या उन्हात, त्या गुडघ्यांनी. आली, बघितलं, कुणालाही काही न विचारता चिमीला कडेवर घेतलं आणि खाली निघाली. रूपाली तिच्या मागे, सुमन रूपालीच्या मागे. मी सगळ्यांच्या मागे, चोरासारखा.

तळमजल्यावर पाऊल टाकलं आणि काय सांगू, देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं! जाड भिंती, लिंबाची सावली, खिडकीत भुरभुरणारा कूलर. माजीसाने चिमीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं, कैरीचं पन्हं पाजलं. पाच मिनिटांत कार्टी गाणं म्हणायला लागली. रूपाली लोडाला टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

तासाभराने ती जागी झाली, इकडे तिकडे बघत म्हणाली, "माजीसा, ये घर खाली है? पहले मालूम होता तो..."

"फरवरी में दिखाया था ना," माजीसा माझ्याकडे बोट करून म्हणाली, "इनको."

खोलीतल्या सगळ्या मुंड्या माझ्याकडे वळल्या. कूलरसुद्धा वळला असं वाटलं मला.

"अण्णा?" रूपाली.

"अहो?" सुमन.

"अगं, पण इथे पूर येतो!" मी ओरडलो. "मुद्दाम लपवलंय! ही बघा रेघ!" आणि मी लोड उचलला.

सुमनने चष्मा लावून रेघ बघितली. बोट लावलं. वास घेतला. मग माझ्या टकलाकडे बघितलं.

"तेल आहे हे," ती म्हणाली. "डोक्याचं."

माजीसाला समजलं तेव्हा ती ओढणी तोंडाशी धरून हसत सुटली. मग तिने सांगितलं. तिचा नवरा असा, की गावाहून दवाखान्याला, कोर्टाला, पोरांच्या परीक्षेला शहरात येणारा प्रत्येक माणूस याच खोलीत उतरायचा. गादीवर बसायचा, भिंतीला डोकं टेकवायचा, जेवायचा, झोपायचा. तीस वर्षं! तीस वर्षांच्या पाहुण्यांच्या डोक्यांची ती रेघ. नवरा गेला, येणंजाणं आटलं, खोली ओकीबोकी झाली. म्हणून तिला इथे लहान मुलाचं बिऱ्हाड हवं होतं.

"और फरवरी से दूसरे किसी को दिया नहीं?" रूपालीने तिच्या मोडक्या हिंदीत विचारलं.

"दो जने आए, वापस भेज दिए," माजीसा म्हणाली. "मालूम था. मई में आप लोग खुद ही उतर आओगे." आणि मला म्हणाली, "भाईसा, धूप से नहीं डरते तो आप ऊपर रहो. बाकी सामान उतारो!"

अहो, ज्या बाईला मी मनातल्या मनात चोर ठरवलं, तिने तीन महिने घर अडवून धरलं होतं, माझी अक्कल ठिकाणावर यायची वाट बघत! मी वाकून तिच्या पाया पडलो. तिला वाटलं, याला चक्कर आली. तिने माझ्याही डोक्यावर ओलं फडकं ठेवलं.

रूपालीची बॅग खाली आली, पण तिच्यातले फ्रॉक कपाटात गेले. महिन्याची मुदत कधी संपली ते कुणाच्या लक्षातही नाही. ताडपत्रीची आम्ही गच्चीत सावली केली, तिच्याखाली सुमनचे पापड वाळतात, तेही अर्ध्या तासात. बदलापूरच्या बायकांना फोन करून करून जळवते ती. गमबुटाचा एक जोड माजीसाने घेतला. ते घालून ती गाईचा गोठा धुते आणि मला म्हणते, फार कामाची वस्तू आणलीत.

मी? मी रोज दुपारी त्या खोलीत, खिडकीपाशी, भिंतीला टेकून बसतो. डोक्यावर केस मोजून चोवीस, पण तेल वाटीभर, तेही बदलापूरहून मागवलेलं खोबरेल.

दिवाळीत रंगारी आला. भिंती बघता बघता खिडकीपाशी थबकला. जुन्या रेघेवर भला मोठा नवा डाग, ताटाएवढा. त्याने बोट फिरवलं, तोंड वाकडं केलं आणि माजीसाला विचारलं, "माजीसा, यहाँ पानी आया था क्या?"

माजीसाने माझ्याकडे बघितलं.

"हाँ," ती म्हणाली. "बदलापुर से आया था. अब उतरने का नाम नहीं लेता."