चारातलं एक मूल

विद्यार्थी त्यांना पाठीमागे छेदसर म्हणत. रोग कुठे, किती आणि कुणामध्ये पसरतो याचा अभ्यास करण्यात त्यांची हयात गेली. कुणी "एवढे आजारी पडले" म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कितीपैकी? छेदात काय आहे?" विभागात यावरून भरपूर थट्टा चाले, बहुधा चहाच्या वेळी. चहाला त्यांना कुणी बोलावत नसे.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि प्राध्यापक होण्याची ही शेवटची संधी होती. अर्जासोबत सगळ्या लेखांची यादी हवी होती. इतर संशोधकांनी आपापल्या लिखाणात त्या लेखांचे दाखले किती वेळा दिले, तेही नोंदवायचं होतं. किमान पाचशे दाखले लागत. छेदसरांचे लेख सदतीस आणि दाखले सातशे दोन. त्यातले सहाशे अकरा एकट्या एका लेखाचे होते. लहान मुलांच्या छातीच्या विकारांची ती बावीस वर्षांपूर्वीची पाहणी. 'दर चार मुलांमागे एक आजारी' हे त्यातलं वाक्य सगळीकडे पोचलं होतं. उरलेल्या छत्तीस लेखांच्या वाट्याला एक्क्याण्णव दाखले. घरात एकाने कमवावं आणि छत्तीस जणांनी बसून खावं, तसा प्रकार.

अर्जाला जोडायचे तक्ते ते एका शनिवारी तपासत होते. आजारी मुलं तीनशे दहा, एकूण मुलं बाराशे चाळीस. बाराशे चाळीसवर पेन थांबलं. हा आकडा त्यांनी स्वतः खडूने एका दारावर लिहिला होता. पाहणीत प्रत्येक घराला क्रमांक दिला जाई, त्यातलं ते शेवटचं घर होतं.

कपाटातून जुने गठ्ठे काढून त्यांनी संध्याकाळपर्यंत मोजणी केली. मुलं निघाली एकोणीसशे दहा. म्हणजे आजारी मूल चारांत नव्हे, सहांत एक. मुलांच्या जागी त्यांनी घरं धरली होती. लेखावर आणखी दोघांची नावं होती, पण ते दोघेही आता हयात नव्हते. हे कसं झालं, असं विचारायलाही कुणी उरलं नव्हतं.

विभागप्रमुख बाई एकेकाळी त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या. सोमवारी सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "सर, बावीस वर्षांत कुणाला कळलं नाही. आणखी दोन महिने कळणार नाही. आधी मुलाखत होऊ दे, मग पाठवा दुरुस्ती."

"आणि मुलाखतीत विचारलं, तुमचा सगळ्यात चांगला लेख कुठला?"

"हाच सांगायचा की."

"यात मी दारं मोजलीत. दाराला खोकला होतो का?"

बाई हसल्या. सर हसत नाहीत हे पाहून त्यांनी हसू आवरलं. मग हळूच म्हणाल्या, "दुरुस्ती पाठवली म्हणून मिळालेले दाखले कुणी काढून घेत नाही. उगाच पायावर धोंडा मारून घेऊ नका."

"कुणी काढून घेत नाही, म्हणून तर आपण काढायचे."

त्याच दिवशी त्यांनी तो लेख छापलेल्या मासिकाला दुरुस्तीचं पत्र धाडलं. अर्जात त्या लेखापुढे लिहिलं, 'आकडा चुकीचा. दाखले धरू नयेत.' उरले एक्क्याण्णव. मुलाखतीचं बोलावणं आलंच नाही.

बहिणीचा फोन आला तेव्हा ते स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवत होते.

"दादा, त्या पदाचं काय झालं?"

"गेलं."

"कुणी नेलं?"

"मीच सोडलं. हिशेब चुकला होता."

"लहानपणी तू गणित सुटलं तरी ताळा करत बसायचास. आम्ही सगळे खेळून परत यायचो, तरी तू तिथेच."

"उत्तर बरोबर असायचं ना?"

"असायचं. पण खेळायला कधी आला नाहीस."

दुरुस्ती छापून आली, पानाच्या तळाशी, सात ओळींत. वर्षभराने त्यांनी आकडे पाहिले. जुन्या लेखाचे दाखले सहाशे चाळीस झाले होते. दुरुस्तीचा एकही नव्हता. चारातलं एक मूल आजारी पडतच होतं.

दाखला देणाऱ्या नव्या एकोणतीस लेखकांची त्यांनी यादी केली आणि प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायला घेतलं. सहा पत्रं गेली, उत्तर एकच आलं. 'आमच्या लेखात रस घेतल्याबद्दल आभारी आहोत. प्रत सोबत जोडली आहे.'

पत्र वाचलंच नव्हतं, हे उघड होतं. तरीही छेदसरांनी ती प्रत शेवटपर्यंत वाचली. काम मेहनतीचं होतं. त्यांनी त्या माणसाला पुन्हा लिहिलं, अधिक सोपं करून, आणि काम आवडल्याचंही कळवलं. मग यादीतलं सातवं नाव घेतलं.