तलाठी-वकिलांकडची नोकरी

टायपिंगची परीक्षा पास झाले त्या वर्षी साताऱ्यातल्या एका नावाजलेल्या फौजदारी वकिलांनी मला कारकून म्हणून ठेवून घेतलं. माझे वडील कोर्टात बेलिफ होते. लोकांच्या दारात समन्स घेऊन उभं राहण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांच्याच ओळखीवर ही जागा मिळाली. वकिलाच्या कारकुनीत तेव्हा बायका नव्हत्या. पक्षकार आत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "कारकून कुठं गेलेत?"

"समोर बसलेत," असं मी सांगायला लागले तेव्हा दोन महिने होऊन गेले होते.

वकीलसाहेबांचं नाव वाईपासून कराडपर्यंत होतं. खुनाचा खटला असला की कोर्टात उभं राहायला जागा मिळायची नाही. मी रात्रंदिवस जबान्या टाइप करायची आणि उलटतपासणीत साक्षीदार मी टाइप करताना हेरलेल्या विसंगतीवरच अडखळला की मनातून खूश व्हायची. मला ते काम आवडत होतं, खोटं कशाला सांगू? वडिलांचा बेत मात्र वेगळा होता. कोर्टात टायपिस्टची सरकारी जागा निघणार होती. तोवर इथं हात बसवायचा आणि मग तिकडं जायचं, असं घरात ठरल्यासारखंच होतं.

एक दिवस सकाळी साधारण माझ्याच वयाची एक बाई ऑफिसात आली. बरोबर चारेक वर्षांची मुलगी. माहेर साताऱ्याजवळचं, सासर आष्ट्याकडचं. नवरा पलटणीत होता, तो लढाईत गेलेला. वाटणीत त्याच्या वाट्याला आलेली दोन एकर जमीन आता दिरांच्या नावावर लागली होती.

वकीलसाहेबांनी कागदावरून नजर फिरवली. "हे महसुली काम आहे, बाई. आम्ही करत नाही. सांगलीला जा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिथल्या त्या तलाठी-वकिलांचा पत्ता लिहून दे यांना."

तलाठी-वकील हे सांगलीतल्या एका म्हाताऱ्या वकिलांना इतर वकिलांनी चेष्टेनं ठेवलेलं नाव. ते फक्त जमिनीच्या नोंदींची कामं करायचे.

पत्ता लिहिता लिहिता मी तिच्या हातातली फेरफाराची नक्कल वाचली. जमिनीवरचं नाव बदललं की तलाठी ती नोंद करतो, तिला फेरफार म्हणतात. त्यात लिहिलं होतं की मयताच्या विधवेनं स्वतःसाठी आणि मुलीसाठी हक्क नको असल्याचा जबाब दिला. खाली तिचं नाव आणि पुढं शब्द होते, 'निशाणी अंगठा'.

"तुम्ही अंगठा दिला होता?" मी विचारलं.

"मी अंगठा कशाला दीन? मला सई येतीया. चौथी शिकलीया मी." तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पत्त्याच्या कागदावर आपलं नाव लिहून दाखवलं. गोल, ठसठशीत अक्षर.

मी ते वकीलसाहेबांना नेऊन दाखवलं. ते हसले. "नजर चांगली आहे तुझी. पण इथं ना खून, ना मारामारी. मी काय करू?"

बाई दारात उभी होती. सांगलीला एकटी कधी गेली नव्हती. मी म्हटलं, "रविवारी मी येते बरोबर."

रविवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. कराडला गाडी बदलली. मुलगी सगळी वाट माझ्या मांडीवर झोपून आली. सांगलीतलं ते ऑफिस म्हणजे एका किराणा दुकानावरची खोली. टेबलावर गावांचे नकाशे पसरलेले आणि मागं काठी टेकून बसलेले म्हातारे वकील. त्यांनी नक्कल दोनदा वाचली.

"सही आज येते हे मला दिसतंय," ते म्हणाले. "पण दीर म्हणतील, ही परवा शिकली. नवरा गेला तेव्हा सही येत होती, याला पुरावा?"

बाईनं मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "त्येंची ट्रंक आलीया पलटणीकडनं. त्यात माजीच पत्रं हायती. समदी जपून ठेवली हुती त्येंनी."

"मग झालं काम. घेऊन या."

"न्हाई." तिनं पदर घट्ट धरला. "ती मी कुनाला वाचू देनार न्हाई. रान गेलं तरी चालंल."

वकिलांनी समजावलं की अधिकारी फक्त सही बघतील. ती मान हलवत राहिली. मला तिचं म्हणणं पटत होतं. नवऱ्याला लिहिलेली पत्रं कचेरीत चारचौघांत उघडायची म्हणजे काय, हे त्या खोलीत तिला आणि मलाच कळत होतं. पण जमीन जाऊ द्यायलाही माझं मन तयार नव्हतं. मी विचार करत राहिले आणि एकदम सुचलं.

"ताई, पत्रं पाकिटातली की अंतर्देशीय?"

"निळी. घडीची."

"मागं पाठवणाऱ्याचं नाव कोण लिहायचं?"

"मीच की."

मी वकिलांकडे बघितलं. निळ्या पत्राच्या पाठीवर तिच्या हातचं नाव, आणि पुढं तारखेसकट आष्ट्याच्या पोस्टाचा शिक्का. घडी उघडायची गरजच नव्हती. हवी तर चारही बाजूंनी दोऱ्यानं शिवून द्यायची.

म्हाताऱ्या वकिलांनी नक्कल बाजूला ठेवली. "साताऱ्यात काय करतेस तू?"

"जबान्या टाइप करते."

"माझ्याकडे येतेस? नाव होणार नाही, आधीच सांगतो. धूळ खायची आणि तलाठ्यांच्या मागं फिरायचं."

परतीच्या गाडीतच माझं ठरलं होतं. घरी सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. त्यांचा हात थांबला.

"सरकारी जागा सोडून? अगं, मी बेलिफ. मला बघून लोक दार लावून घेतात. तिथं तलाठी तुला दप्तर तरी दाखवेल का?"

"नाही दाखवलं तर बसून राहीन."

"किती दिवस?"

"दाखवेपर्यंत."

आई मध्ये पडली. सांगलीत तिची मावसबहीण होती, तिच्याकडे राहता येईल म्हणाली. वडील ताटावरून उठले, पण नाही म्हणाले नाहीत. वकीलसाहेबांना मात्र वाईट वाटलं. "इथं राहिलीस तर पाच वर्षांत माझं ऑफिस तू चालवशील," ते म्हणाले. ते खरंही होतं. मी म्हटलं, "साहेब, इथं मी नसले तरी कोर्ट भरणारच आहे."

सांगलीतला पहिला महिना वडिलांच्या शब्दाप्रमाणेच गेला. मूळ फेरफार बघायला मी बाईच्या सासरगावच्या चावडीत गेले, तर तलाठी म्हणाला, "बाईमाणसाला दप्तर दावायची पद्धत न्हाई." मी अर्ज दिला, पोच मागितली आणि पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी येणारेजाणारे त्यालाच विचारायला लागले, "आवं, ह्या बाई का बसल्यात?" दुपारी त्यानं दप्तर काढलं.

मूळ पानावर खरोखरच एक अंगठा होता. कुणाचा, ते आजवर कळलं नाही.

प्रांतसाहेबांपुढं अपील उभं राहिलं. मुदत उलटून गेलेली, म्हणून उशिराची माफी मागावी लागली, दोन तारखा नुसत्याच गेल्या. तिसऱ्या तारखेला बाईनं सात पत्रं टेबलावर ठेवली. कडा तिनं स्वतः पांढऱ्या दोऱ्यानं शिवल्या होत्या. दिरांच्या वकिलानं पत्रं उघडायची मागणी केली. आमच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "आतल्या मजकुराशी जमिनीचा काय संबंध?" प्रांतसाहेबांनी पत्रं उलटी करून एकेक शिक्का वाचला. मग बाईपुढं कोरा कागद सरकवला आणि नाव, गाव लिहायला सांगितलं. तिनं पदराला बोटं पुसून लिहिलं, आणि अक्षर तेच आलं. थोरला दीर खिडकीबाहेर बघत राहिला.

महिन्याभरानं निकाल आला. फेरफार रद्द, विधवा आणि मुलगी यांची वारस म्हणून नोंद. ताबा मिळायला पुढं दिवाणी कोर्टात दोन हंगाम गेले. त्या काळात दिरांनी तिचं पाणी तोडलं आणि जावा बोलायच्या बंद झाल्या. तरी ती सासरच्याच गावात राहिली. पहिल्यांदा शाळू पेरला तेव्हा निरोप आला, म्हणून मी गेले. तिनं मला बांधावरून चालवत सगळं रान दाखवलं. 

सरकारी जागेची जाहिरात त्याच सुमाराला निघाली. वडिलांनी कात्रण पाठवलं, सोबत एक ओळ. 'तू ठरव.' मी अर्ज केला नाही. म्हाताऱ्या वकिलांनी मोजणीची, बांधाच्या भांडणांचीही कामं शिकवायची तयारी दाखवली. मी म्हटलं, मला बायकांच्या वारसनोंदीच करायच्या आहेत. ते म्हणाले, "एवढ्यानं पोट भरायचं नाही." पण पुढं अशी बाई आली की ते तिला सरळ माझ्या टेबलाकडे पाठवायला लागले.

त्यानंतरची दोन प्रकरणं आम्ही हरलो. एकात जबाबावर खरीच सही होती, रडत रडत केलेली. तो कागद मी अजून विसरलेले नाही. तिसरी बाई मिरजेकडची होती. तिचा अर्ज मी एका बैठकीत टाइप केला आणि मूळ दप्तर बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी चावडी उघडायच्या आधीच तिच्या गावात जाऊन पोचले.